सुटा धातू, बांधलेला धातू

पौष अमावास्येच्या आधी आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरहून मेश्राम कुळातली गोंड मंडळी अनवाणी निघतात. जन्नारम भागात गोदावरीचा हस्तिनमडुगू नावाचा डोह आहे, तिथपर्यंत चालत जायचं, पितळी झारीत पाणी भरायचं आणि चालतच परतायचं, अशी रीत. त्या पाण्यानं नागोबाची पूजा होते आणि इंद्रवेल्लीजवळची ती मोठी जत्रा सुरू होते. नदीचं पाणी असं कित्येक दिवस पितळेत राहतं. भाविकाला त्यात विचारण्यासारखं काही नाही. रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र प्रश्न पडतो की, एवढ्या दिवसांत पाण्यातल्या जंतूंचं आणि पितळेचं आपसात काय होत असेल?

याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालेलं आहे. इंग्लंडच्या नॉर्थंब्रिया विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉब रीड आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले पूजा टंडन व संजय छिब्बर यांनी पितळेच्या आणि मातीच्या भांड्यांत पाणी भरलं, त्यात ई. कोलाय हे आतड्यातले जंतू सोडले आणि वेळोवेळी मोजणी केली. पितळेच्या भांड्यात अठ्ठेचाळीस तासांत जिवंत जंतू सापडेनासे झाले. हे काम २००५ साली प्रसिद्ध झालं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यातलं तांबं अतिसूक्ष्म प्रमाणात पाण्यात उतरतं आणि जंतूंवर तुटून पडतं. जंतूच्या आत लोह आणि गंधक यांचे छोटे पुंजके असतात, त्यांच्यावर काही महत्त्वाची विकरं चालतात. तांबं त्या पुंजक्यातल्या लोहाला हुसकावून स्वतः जागा बळकावतं. विकर बंद, जंतू खलास. माणसाच्या दृष्टीनं हे तांबं फारच थोडं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेतलं आहे.

यावरून ‘आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊक होतं’ असा निष्कर्ष काढायची घाई पुष्कळांना होते. ती करू नये. पितळ टिकतं, चमकतं, ठोकून हवा तो आकार घेतं आणि मोडीतही विकता येतं, एवढी कारणं पितळ वापरायला पुरेशी होती.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मला अधिक मोलाची वाटते. पाण्यात प्रथिनयुक्त द्रव किंवा अमिनो आम्लांपासून बनलेला, धातूला धरून ठेवणारा पदार्थ मिसळला की पितळेचा जंतुनाशक गुण जात होता. भांडं तेच, तांबं तेच. फक्त तांबं आता सुटं राहिलं नव्हतं, त्याला कुणीतरी धरलं होतं.

धातू आणि औषध यांच्या नात्याची किल्ली इथे आहे. धातू किती आहे, हे आपण नेहमी विचारतो. तो कुणाच्या पकडीत आहे, ती पकड किती घट्ट आहे आणि कुठे सुटते, हे विचारायचं राहून जातं. धातूचा अणू इलेक्ट्रॉन गमावून धनभारित आयन झाला की त्याला भोवती कुणीतरी लागतं. पाण्याचे रेणू, क्लोराइड, नायट्रोजन किंवा गंधक असलेला रेणू, जो भेटेल त्याच्याशी तो बंध जोडतो. या रचनांचं गणित आल्फ्रेड वेर्नर या स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञानं १८९३ साली मांडलं आणि त्यासाठी त्याला १९१३ चं नोबेल मिळालं. एकच रेणू दोन-तीन किंवा अधिक बाजूंनी धातूला धरतो, खेकडा नांगीत धरतो तसं, तेव्हा ती पकड सहजी सुटत नाही.

आता त्याच पितळेच्या भांड्यात पाण्याऐवजी दूध ठेवू.

जुन्या मराठी घरांतल्या बायकांना हे धोक्याचं आहे याची अर्धी कल्पना होती. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी ठेवली तर ती कळकते, हे पोरीबाळींनाही माहीत असे. म्हणून कल्हईवाला दारावरून जाताना पातेली बाहेर येत. तो भांडं तापवून नवसागर टाकी. तापल्यावर नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटे. आम्लानं पितळेवरची ऑक्साइडची पुटं निघून जात आणि स्वच्छ पृष्ठभागावर कथलाचा पातळ थर बसे. कथील अन्नाशी सहसा भांडत नाही. पण दूध कळकल्याचं लगेच कळत नाही. ते आंबट नसतं, हिरवं पडत नाही, चव फारशी बिघडत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला इतकं घट्ट धरतं की कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दूध तापवून ठेवलं तर ते भांड्यातून तांबं ओढून घेतं आणि स्वतःजवळ ठेवतं.

विसाव्या शतकात भारतात सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा विकार होत असे. पोट मोठं दिसे, यकृत दगडासारखं कडक लागे, कावीळ होई आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावत. एकाच घरात एकामागून एक भावंडं जात. जगात इतरत्र हा आजार जवळपास नसल्यानं वैद्यकानं त्याला ‘भारतीय बालकांचा यकृतकाठिण्य विकार’ असंच नाव दिलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या यकृतातलं तांबं मोजलं. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनात ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांत ते कित्येक शेकड्यांत आणि काहींत हजारांत होतं. मग त्यांनी घरचा आहार विचारला. उत्तर वारंवार एकच आलं: बाळाला फार लवकर वरचं दूध सुरू केलेलं आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं. १९८३ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

नवजात बाळाच्या यकृतात मुळातच मोठ्या माणसापेक्षा जास्त तांबं असतं. ती पुढच्या काही महिन्यांची शिदोरी. जास्तीचं तांबं बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग पित्त हाच, आणि बाळाचं ते यंत्र अजून पुरतं चाललेलं नसतं. त्यात केसीननं वाहून आणलेलं तांबं रोज भरत राहिलं. सगळ्याच मुलांना आजार झाला नाही, तेव्हा काही आनुवंशिक कमजोरीही असावी असं मानतात. पण भांडं बदललं की आजार थांबत होता. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात तांब्याच्या भांड्यात दूध तापवण्याच्या चालीमुळे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच विकारानं गेल्याचं १९९६ साली प्रसिद्ध झालं. तिथेही भांडी बदलली आणि आजार संपला. म्हणजे ‘भारतीय’ हे विशेषण त्या आजाराला उगाच चिकटलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी औषध म्हणून काय दिलं? पेनिसिलामिन. पेनिसिलीनचं विघटन झालं की हा रेणू मिळतो. त्याच्या गंधकाला तांब्याची ओढ आहे. पेशींत अडकलेलं तांबं तो आपल्या पकडीत घेतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरनं १९५६ साली विल्सनचा आजार या तांबं साठण्याच्या आनुवंशिक विकारावर ते वापरून दाखवलं होतं. पुण्यात लवकर उपचार मिळालेली कितीतरी मुलं वाचली. डॉ. आशीष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात, ज्यांची यकृतं हाताबाहेर गेल्यासारखी होती अशी काही मुलंही वर्षानुवर्षं ठणठणीत राहिल्याची नोंद आहे. तोवर स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आलं होतं आणि नव्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांना हा आजार फक्त पुस्तकात वाचायला मिळू लागला. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासातलं हे काम जेवढं सांगितलं जायला हवं तेवढं सांगितलं जात नाही, असं माझं मत आहे. लस नाही, महाग यंत्र नाही. कारण शोधलं आणि आजार गेला.

पितळेची एक व्याधी ओतारी लोकांच्या वाट्यालाही येते. पितळ वितळताना त्यातलं जस्त वाफ होऊन उडतं, हवेत त्याचं पांढरं ऑक्साइड बनतं आणि ते श्वासात गेलं की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दुसऱ्या दिवशी माणूस बरा होतो, म्हणून बहुधा कुणी डॉक्टरकडे जात नाही. उशेगाव, केसलागुडा या गावांतल्या ओझा कारागिरांची मेणाच्या साच्यावर ओतलेली ढोकरा कला, जिला २०१८ मध्ये ‘आदिलाबाद ढोकरा’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, ती पाहायला जाणाऱ्यांनी मूर्तीइतकंच मुशीवरच्या त्या पांढऱ्या धुराकडेही लक्ष द्यावं.

आता लोखंडाकडे येऊ. आदिलाबादच्या बाबतीत खरी गोष्ट तीच आहे.

१८२० च्या सुमारास हेन्री वॉयसी नावाचा एक शल्यवैद्य या भागात फिरत होता. विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात तो डॉक्टर आणि भूवैज्ञानिक अशा दोन्ही नात्यांनी होता. निर्मलच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडे कोनासमुद्रम गावी त्यानं मातीच्या मुशीत पोलाद बनताना पाहिलं आणि त्याची बारकाईनं नोंद केली. इथलं पोलाद न्यायला थेट इस्फहानहून इराणी व्यापारी येत. दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारींचं पोलाद या जातीचं. लोखंड तेच, त्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन अडकला की त्याचा स्वभाव पालटतो. वॉयसी १८२४ साली वारला आणि त्याचं टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. डॉक्टर असूनही लोखंड आणि रक्त यांचा संबंध त्यानं तिथे जोडला नाही, ते साहजिक आहे. मात्र रक्तात लोखंड असतं हे तोवर माहीत झालेलं होतं. इटलीतल्या बोलोन्याच्या विन्चेन्झो मेन्गिनी यानं १७४६ च्या सुमारास रक्त जाळून त्याची राख केली आणि तिच्यावरून चुंबकीय सुरी फिरवली. राखेतले कण सुरीला चिकटले.

आपल्याकडच्या वैद्यांना तर लोखंडाच्या भट्टीतला मळही औषधी वाटला. त्याला मंडूर म्हणतात. शंभर वर्षं जुना मंडूर उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठचा कनिष्ठ अशी रसशास्त्रात प्रतवारी आहे, आणि पांडुरोगावर, म्हणजे अंग पांढरंफटक पडण्यावर, मंडूरभस्म देतात. निदान आणि धातूची निवड दोन्ही बरोबर होत्या. पण भस्मातलं लोह पोटातल्या आम्लात किती सुटतं आणि सुटलेलं किती आतड्यातून आत जातं, हे दर वेळी वेगळं असतं, आणि लोहाची आधुनिक गोळी तिथे जिंकते. शिवाय भस्माच्या नावाखाली बाजारात काय येतं याचीही शाश्वती नसते. बोस्टनच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा रॉबर्ट सेपर यांचा अभ्यास २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता. भस्म करून ‘मारलेला’ धातू पोटात गेल्यावर पुन्हा जिवंत होत नाही, हे प्रत्येक बाटलीनिशी सिद्ध करायला हवं; परंपरेचा दाखला त्यासाठी पुरत नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतं, एखादा खिळा होईल एवढंच. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. तिथे लोहाचा अणू हीम नावाच्या चपट्या कड्यात चार नायट्रोजनच्या मधोमध बसलेला असतो. पाचव्या बाजूनं प्रथिनानं धरलेला. सहावी बाजू ऑक्सिजनसाठी मोकळी. फुप्फुसात ऑक्सिजन बसतो, ऊतींत उतरतो. उघड्यावर लोहाला ऑक्सिजन मिळाला तर ते गंजतं. हिमोग्लोबिनमध्ये गंजत नाही, याचं कारण ही पकड. उरलेलं बरंचसं लोह ट्रान्सफेरिन नावाच्या वाहक प्रथिनात आणि फेरिटिनच्या कोठारात बंद. सुटं लोह शरीर जवळजवळ राहूच देत नाही. ते सुटलं तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून हायड्रॉक्सिल मूलक तयार करतं आणि हे मूलक समोर येईल ते, चरबी, प्रथिन, डीएनए, फाडतं. ही अभिक्रिया हेन्री फेन्टननं १८९४ साली वर्णन केली. म्हणूनच घरातल्या लोहाच्या गोळ्या चॉकलेट समजून खाल्लेलं मूल दवाखान्यात न्यावं लागतं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. आदिलाबादचं अन्न पाहिलं तर इथे लोह कमी आहे असं म्हणता येत नाही. ज्वारी आहे, डाळी आहेत, पालेभाज्या आहेत. ज्वारीची भाकर, कण्या, गटका हे गोंड आणि कोलाम घरांचं जुनं अन्न. पण धान्यातलं फायटेट लोहाला असं धरतं की आतड्याला ते सोडवता येत नाही, आणि ते आलं तसं बाहेर जातं. जेवणावर चहा घेतला की चहातली टॅनिनं उरलंसुरलं लोह अडकवतात. आंबवण्यानं फायटेट तुटतं, म्हणून आंबील चांगली. चिंच, लिंबू, आवळा यांतली आम्लं लोहाला विरघळत ठेवतात आणि क जीवनसत्त्व फेरिक लोहाला फेरस करतं, जे आतड्याला घेता येतं. आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर कढईचंही थोडं लोह उतरतं. उटनूरला आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहफुलांचे लाडू बनवते; ते जरूर खावेत, उष्मांकासाठी आणि चवीसाठीही. पण हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेल्या बाळंतिणीला लाडवांवर सोडू नये.

त्यासाठी गोळी आहे. फ्रेंच डॉक्टर पिएर ब्लो यानं १८३१-३२ च्या सुमारास फेरस सल्फेट वापरून तयार केलेल्या गोळ्या शतकभर चालल्या, आणि आजची सरकारी गोळी त्यांची वंशज आहे. ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात शाळकरी मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी आणि गर्भवतींना लाल गोळी देतात. निळ्या आणि लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून कित्येक बायका गोळ्या डब्यात साठवतात. काळा रंग हा न शोषल्या गेलेल्या लोहाचा आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं आशाताईनं किंवा नर्सताईनं सांगितलं तरी पुष्कळ गोळ्या पोटात जातील.

इथवर सरळ होतं. पण आदिलाबादच्या गोंड-कोलाम वस्त्यांत फिकट दिसणारी प्रत्येक मुलगी लोहाच्या कमतरतेची नसते. इथे सिकलसेल आहे. त्या आजारात लोह जागेवर असतं, हीम शाबूत असतं. बिघाड भोवतीच्या प्रथिनात असतो. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. लोहानं ऑक्सिजन सोडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. सांधे, छाती, पोट दुखून माणूस तळमळतो. प्राथमिक चाचणीही याच रसायनावर चालते. रक्ताच्या थेंबात सोडियम डायथायोनाइट घालतात. ते लोहाजवळचा ऑक्सिजन काढून घेतं. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रव गढूळ होतो आणि नळीमागच्या रेघा दिसत नाहीत.

हा दोष इथे टिकून राहिला तो मलेरियामुळे. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या, म्हणजे वाहक मुलांना फाल्सिपॅरम मलेरिया सहसा मारत नाही, हे अँथनी अॅलिसननं १९५४ साली आफ्रिकेत दाखवलं. आदिलाबादचा जंगलपट्टा पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा. त्या मलेरियाची सगळी कथाही लोहाभोवतीच फिरते. परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. प्रथिन पचतं, हीम उरतं, आणि सुटं हीम त्याला स्वतःलाच मारक असतं. मग तो हीमचे रेणू एकमेकांना जोडून काळपट स्फटिक बनवतो आणि निर्धास्त होतो. रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत पेशी पाहिल्या, तेव्हा त्या मलेरियाच्याच आहेत हे त्यांतल्या याच काळ्या कणांवरून त्याला पटलं. लोहाच्या स्फटिकांनी डासाची चहाडी केली, असं म्हणायला हरकत नाही.

क्लोरोक्विन या स्फटिकांची वाढ रोखतं. सुटं हीम साठतं आणि परजीवी स्वतःच्या जेवणानं मरतो. आर्टेमिसिनिनची रीत आणखी वेगळी. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञबाईंनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रानटी वनस्पतीतून ते काढलं आणि २०१५ चं नोबेल मिळवलं. त्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंमधला एक नाजूक बंध असतो. परजीवीच्या पोटातल्या फेरस लोहाशी गाठ पडली की तो तुटतो आणि तयार झालेले मूलक परजीवीला जाळतात. निरोगी पेशीत असं सुटं लोह नसतं, म्हणून औषध तिथे गप्प राहतं. इतकं नेमकं बेतलेलं औषध वैद्यकात क्वचितच पाहायला मिळतं.

सिकलसेलच्या रुग्णाकडे परत येऊ. त्याच्या तांबड्या पेशी चार महिन्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांतच फुटतात. हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं. अशा मुलीला न तपासता महिनोन्‌महिने लोह देणं चूक; तिला फॉलिक आम्ल हवं असतं. लोह खरोखर कमी आहे का, ते फेरिटिन मोजून ठरवायचं. काही सिकल रुग्णांना, आणि तीव्र थॅलसेमियाच्या मुलांना तर नेहमीच, रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं. शरीराला मात्र लोह बाहेर टाकण्याची काही सोय नाही. कातडी आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यांबरोबर दिवसाला मिलिग्रॅमभर जातं. वीस पिशव्या म्हणजे चार-पाच ग्रॅम, शरीराच्या मूळ साठ्याहून जास्त. हे लोह हृदयात, यकृतात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठतं. ज्या रक्तानं जगवलं तेच कालांतरानं जिवावर उठतं.

इथे पुन्हा पकड बदलण्याचं औषध लागतं. पहिलं मिळालं ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूकडून. त्या जिवाणूला स्वतःच्या पोटासाठी मातीतलं लोह ओढायला डेफेरॉक्झामिन जातीचा रेणू लागतो. एका स्विस कंपनीनं तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला औषध म्हणून आणला. पण तो पोटातून शोषला जात नाही. कातडीखाली सुई घालून, छोट्या पंपानं, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री आठ-दहा तास द्यायचा. खर्च आणि त्रास, दोन्ही सामान्य घराला न पेलणारे. लंडनमध्ये शोधलेल्या डेफेरिप्रोन या तोंडानं घ्यायच्या औषधाला १९९० च्या दशकाच्या मध्यात जगात सर्वांत आधी परवानगी मिळाली ती भारतात, आणि ते बाजारात आणलं मुंबईच्या सिप्लानं. पांढऱ्या पेशी अचानक घसरण्याचा धोका असल्यानं त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आणि रक्त तपासत राहणं आजही चुकत नाही. २००५ नंतर दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्स आलं. सिकलसेलचं मुख्य औषध हायड्रॉक्सियुरिआ हे लोह काढत नाही. पण तेही पेशीतल्या लोहधारी विकराला, डीएनएचे घटक बनवणाऱ्या विकराला, थोपवतं आणि त्याच्या वापरानं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढून पेशी वाकायच्या कमी होतात.

आदिलाबादच्या जमिनीत आणखी एक धातू आहे, मँगनीज. गुडा, गोटकूर भागात पैनगंगेच्या प्राचीन चुनखडकांच्या थरांत त्याचं खनिज आहे. शरीराला ते अत्यल्प लागतं, पण त्याची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर मेंदूच्या खोल भागात बसते आणि कंपवातासारखा आजार होतो. ग्लासगोच्या कारखान्यातल्या कामगारांत जॉन कूपरनं १८३७ सालीच तो ओळखला. लोह आणि मँगनीज आतड्यातून एकाच वाटेनं आत जातात. लोह कमी असलेल्या शरीरात ती वाट जास्त उघडी असते आणि मँगनीज जास्त शिरतं. म्हणजे खाणीच्या पट्ट्यात रक्तक्षयावर उपचार करणं हे दुहेरी कामाचं आहे.

पकड नेमक्या ठिकाणी सुटणं हेच ज्या धातूचं औषधपण आहे, तो प्लॅटिनम. बार्नेट रोझेनबर्ग १९६५ साली अमेरिकेत जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होता. जंतू विभागायचे थांबले आणि लांबच लांब वाढले. दोष विजेचा नव्हता. प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून सुटलेल्या संयुगाचा होता. त्यातून आलेलं सिसप्लॅटिन १९७८ साली अमेरिकेत मान्य झालं आणि वृषणाच्या कर्करोगातून बहुसंख्य तरुण बरे होऊ लागले. रक्तात क्लोराइड भरपूर, तोवर प्लॅटिनमनं आपले दोन क्लोराइड धरून ठेवलेले. पेशीत क्लोराइड कमी. तिथे ते सुटतात, आणि मोकळ्या झालेल्या दोन हातांनी प्लॅटिनम डीएनएला धरतं. मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होते ती याच मोकळ्या हातांची किंमत.

आता वाचकांना एक विनंती. तुम्ही आदिलाबाद, आसिफाबाद, किनवट, राजुरा, पांढरकवडा या पट्ट्यातले असाल आणि घरातल्या कुणाचं हिमोग्लोबिन वारंवार कमी येत असेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात शून्य ते चाळीस वयाच्या लोकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, ती करून घ्या. लग्न ठरण्याआधी तर नक्कीच. तपासणीत सिकल नसेल आणि गोळी लिहून दिली असेल, तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि पुढचे दोन तास चहा पिऊ नका.